१००९ मिलिमीटर : वाघिणीचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सल्लागार समितीसमोर उभी राहिले तेव्हा माझ्याकडे एक तक्ता होता. भारतीय रेल्वेवर कंटेनर वाहणाऱ्या सपाट वाघिणींचे सगळे प्रकार एकाखाली एक मांडलेले. सांकेतिक नाव, लांबी, रिकामं वजन, भारक्षमता, वेग. तीन महिन्यांची मेहनत होती. समितीतल्या एका मॅडमनी तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यातली दुसरी ओळ पहिलीनंतर का येते?"

मी म्हटलं, "कारण ती वाघीण नंतर आली."

"हे कॅलेंडर झालं. इतिहास कुठे आहे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी प्रस्ताव लिहीत असाल, तर हाच प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे, फक्त शब्द वेगळे असतील. म्हणून आज मला ते उत्तर कसं सापडलं ते सांगते. विषय वाघिणीचाच आहे. पण वाचताना तुमचा स्वतःचा विषय डोक्यात ठेवा, आणि जवळ कागद-पेन असू द्या. थोडी बेरीज-वजाबाकी आहे.

(मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी 'वॅगन'चं ते आपल्या तोंडी बसलेलं रूप. वाघाचा काही संबंध नाही.)

आधी वस्तू नीट बघा

न्हावाशेवा बंदरातून उत्तरेकडे जाणाऱ्या कंटेनर गाड्या पनवेलवरून जातात. कधी फलाटावर उभे असाल आणि अशी गाडी हळू जात असेल, तर रंगीत डबे सोडा आणि त्यांच्या खाली बघा.

पहिली गोष्ट दिसेल ती अशी, की 'सपाट' वाघीण म्हणतात, पण सपाट असं काही तिथे नाहीच. फळ्या नाहीत, लाद्या नाहीत. मधून लांब तुळया, त्यांना आडवे हात, आणि कंटेनरचे कोपरे अडकवायला ट्विस्ट लॉक. नुसता सांगाडा. दुसरी गोष्ट, शेजारच्या रुळावर कोळशाची गाडी उभी असेल तर लक्षात येईल, की कंटेनर गाडीची चाकं लहान आहेत. तिसरी गोष्ट दिसायला वेळ लागतो. वाघिणी पाच-पाचच्या गटात आहेत. गटाच्या दोन टोकांना नेहमीचा मोठा कपलर आहे. आतल्या जोडण्या मात्र खाली, जवळजवळ लपलेल्या.

या वाघिणीचं नाव बीएलसी. रेल्वेच्या सांकेतिक भाषेत बी म्हणजे बोगी, एल म्हणजे लो, अर्थात कमी उंचीची, आणि सी म्हणजे कंटेनर. टोकाच्या दोन वाघिणी बीएलसी-ए, मधल्या तीन बीएलसी-बी. ४५ वाघिणींची गाडी म्हणजे असे ९ गट, आणि प्रत्येक वाघिणीवर २० फुटी दोन डबे धरले तर एका गाडीत ९० डबे.

नाव पुन्हा वाचा. तिच्या आधीच्या बीएफके जातीच्या वाघिणींच्या नावात उंचीचा उल्लेख नव्हता. हिच्या नावातच 'कमी उंची' आहे. बारसं करणाऱ्यांना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती वाटली. माझ्या तक्त्यात लांबी होती, वजन होतं, वेग होता. उंचीचा रकानाच नव्हता!

रुळाच्या माथ्यापासून कंटेनर जिथे टेकतो तिथपर्यंतची बीएलसीची उंची १००९ मिलिमीटर आहे. मोठ्या चाकांच्या जुन्या सपाट वाघिणींची ती साधारण सव्वा मीटरच्या आसपास असायची. म्हणजे फरक वीतभर. या वीतभर फरकात सगळी गोष्ट आहे.

डबा बदलला, बोगदा जिथल्या तिथे

आता थोडं मागे जाऊ. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात १९५६ पासून धरतात. त्या वर्षी २६ एप्रिलला माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत डब्यांच्या मापांवर आंतरराष्ट्रीय एकमत झालं. रुंदी ८ फूट, म्हणजे २४३८ मिमी. लांबी २० किंवा ४० फूट. उंची पुढे बहुतेक ठिकाणी साडेआठ फुटांवर स्थिरावली, म्हणजे २५९१ मिमी.

भारतीय रेल्वेने स्वतःचे, देशांतर्गत वाहतुकीचे कंटेनर १९६६ मध्ये सुरू केले होते. आंतरराष्ट्रीय मापाचे डबे देशाच्या आत आणण्यासाठी पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ मध्ये बंगळूरला झाला. १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे कॉनकॉर, स्थापन झालं आणि १९८९ च्या नोव्हेंबरात रेल्वेचे सात डेपो हाती घेऊन त्याने काम सुरू केलं. त्याच वर्षी मे महिन्यात जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं होतं.

इथवर सगळं सुरळीत. अडचण अशी झाली, की जगात साडेनऊ फुटी डबा पसरू लागला. त्याला 'हाय क्यूब' म्हणतात. उंची २८९६ मिमी, म्हणजे बरोबर एक फूट जास्त. कापूस, कपडे, फर्निचर असा हलका पण फुगीर माल पाठवणाऱ्याला हा डबा सोयीचा, कारण त्याची जागा आधी भरते, वजनाची मर्यादा नंतर येते. जहाजाला एका फुटाने काही फरक पडत नाही. बंदरातल्या क्रेनलाही फारसा नाही. रेल्वेला पडतो.

का, ते बघू. रेल्वेवर कुठलंही वाहन एका ठरलेल्या चौकटीत बसावं लागतं. तिला लोडिंग गेज म्हणतात. आपल्या ब्रॉडगेजवर नेहमीच्या गाड्यांसाठी या चौकटीची मधली उंची ४२६५ मिमी आहे. मग सव्वा मीटरवर २८९६ चा डबा ठेवला तर बेरीज ४१५० च्या आसपास येते. मध्ये बसतो की! मीसुद्धा पहिल्यांदा हेच म्हटलं होतं.

पण ही चौकट वरून सपाट नसते. मध्ये उंच, कडेला उतरती, साधारण कौलारू घरासारखी. बोगद्याची कमान आणि जुन्या पुलांचे आकार आठवले की कारण कळतं. कंटेनर मात्र काटकोनी खोका. त्याचा मध्य कौलाखाली आरामात बसतो, पण वरचे दोन खांदे कौलाला लागतात. म्हणजे प्रश्न मधल्या उंचीचा नसून खांद्यांच्या उंचीचा आहे. यावर मार्ग एकच, की पूर्ण खोका खाली घ्यायचा. १००९ वर ठेवलेला हाय क्यूब ३९०५ मिमीवर संपतो. साधा डबा ३६०० वर.

इथे माझ्या तक्त्यातली 'दुसरी ओळ पहिलीनंतर का' याचं पहिलं खरं उत्तर मिळालं. समुद्रावर एक माप ठरलं, जमिनीवर दुसरं माप आधीपासून ठरलेलं होतं, आणि दोन्ही जिथे एकमेकांवर आदळले तिथे वाघीण बदलली. जहाजवाले आपला डबा आपल्या बोगद्यासाठी लहान करणार नव्हते. हजारो पूल-बोगदे नव्याने खोदणं परवडणारं नव्हतं. मधल्या मध्ये जी वस्तू सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात लवकर बदलता येत होती, तिला वाकावं लागलं. १९९० च्या दशकात बीएलसी आली ती अशी.

चाक लहान का?

फळी खाली घ्यायची म्हटली तर नुसती तुळई बारीक करून भागत नाही. हे गणित तुम्हीच करून बघा. नेहमीच्या मालवाघिणीचं चाक नवं असताना १००० मिमी व्यासाचं असतं. ते रुळावर उभं राहिलं की त्याचा माथा रुळापासून १००० मिमीवर. चाकाच्या आतल्या बाजूचा कंगोरा, म्हणजे फ्लँज, धरला तर त्याहूनही थोडा वर. आणि डबा टेकायचाय १००९ वर. स्प्रिंग दबण्यासाठी जागा सोडा, चाक थेट डब्याच्या तळाला घासेल.

मग चाकं डब्याच्या बाहेरच्या बाजूला येऊ देत ना? तेही जमत नाही. आपले रूळ १६७६ मिमी अंतरावर आणि डबा २४३८ रुंद. चाकं डब्याच्या पोटाखालीच येणार.

म्हणून बीएलसीचं चाक ८४० मिमीचं आहे. १६० मिमीची सुटका. पण फुकट काहीच नसतं. परीघ काढा. मोठं चाक एका किलोमीटरला साधारण ३१८ फेरे मारतं, लहान चाक ३७९. म्हणजे १९ टक्के जास्त. बीएलसीला ताशी १०० किमीची परवानगी आहे. त्या वेगाला चाक सेकंदाला दहाहून जास्त वेळा फिरतं. बेअरिंगचं काम तेवढं वाढलं. चाक लहान म्हणजे त्यातलं पोलादही कमी, त्यामुळे ब्रेकची उष्णता साठवायला जागा कमी. आणि रुळावर टेकणारा ठिपका लहान झाल्याने तेवढ्याच वजनाला दाब जास्त. हर्ट्झच्या सोप्या रेषीय संपर्काच्या सूत्रात दाब त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५०० आणि ४२० या त्रिज्या घालून बघा, साधारण ९ टक्के वाढ येते. खऱ्या चाकाचा आकार इतका सोपा नसतो, पण दिशा कळायला एवढं पुरे.

माझं पदव्युत्तर शिक्षण भौतिकशास्त्रातलं. इतिहासाच्या विषयात ते वाया जाणार असं मला वाटायचं. ते कामाला आलं ते इथे. तुमची मूळ शाखा कुठलीही असो, ती मागे टाकून संशोधनात उतरू नका. इतरांना जो प्रश्न दिसत नाही तो तुम्हाला दिसतो, तो त्या शाखेमुळेच.

पाचच्या गटाचं कोडं

आता पनवेलला दिसलेली तिसरी गोष्ट. पाच-पाचचे गट कशाला? मी आधी एका टिपणात 'देखभालीच्या सोयीसाठी' असं ठोकून दिलं होतं. पुढे एका डेपोत गेले. तिथल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञ काकांना हे वाक्य वाचून दाखवलं तर ते हसायलाच लागले. "सोय? अहो मॅडम, पाचातली एक सिक झाली की पाचीच्या पाची घरी बसतात." रेल्वेत बिघडलेल्या वाघिणीला 'सिक' म्हणतात. आतल्या जोडण्या यार्डात सहज सुटणाऱ्या नसतात, त्यामुळे एकीसाठी पूर्ण गट बाजूला काढावा लागतो. म्हणजे माझं वाक्य नेमकं उलटं होतं.

खरं कारण पुन्हा उंचीतच सापडलं. भारतीय ब्रॉडगेजवर कपलरच्या मध्याची उंची ठरलेली आहे. रिकाम्या वाघिणीला जास्तीत जास्त ११०५ मिमी, भरलेलीला कमीत कमी १०३०. कुठलीही वाघीण कुठल्याही वाघिणीला आणि कुठल्याही इंजिनाला जोडता आली पाहिजे, म्हणून हे माप सगळ्यांना सारखं. आणि बीएलसीवर डबा टेकतो १००९ वर. म्हणजे कपलरचा मध्य डब्याच्या तळापेक्षाही वर येतो! प्रत्येक वाघिणीला असा कपलर द्यायचा, तर प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना डब्याच्या पुढे जास्तीची जागा सोडावी लागेल, आणि गाडीत मोकळी लांबी वाया जाईल.

यावर तोडगा असा निघाला, की उरलेल्या रेल्वेशी हात मिळवायचा तो फक्त गटाच्या दोन टोकांनी. तिथे नेहमीच्या उंचीचा कपलर, म्हणून ए-वाघीण थोडी लांब आणि जड, रिकामं वजन सुमारे १९ टन. आत मात्र खालच्या पातळीवरचा, ढिलाई नसलेला ड्रॉबार, म्हणून बी-वाघीण आखूड, सुमारे १८ टनांची, ४० फुटी डब्यापुरती. ड्रॉबारमध्ये ढिलाई नसल्यामुळे गाडी सुटताना-थांबताना डब्यांना बसणारे हिसकेही कमी होतात.

ही कल्पना आपल्याकडेच पहिल्यांदा सुचली असं मात्र लिहू नका. ब्रिटनमध्ये १९६५ पासून धावू लागलेल्या फ्रेटलायनर गाड्यांच्या सपाट वाघिणीही ठरावीक संचात होत्या. बाहेरच्या टोकांना सर्वमान्य जोडणी, आत खास जोडणी. 'भारतात पहिल्यांदाच' हे शब्द लिहिण्याआधी किमान दोन देश तपासायचे, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

यातून विदा तपासायची एक छान चाळणीही मिळाली. ४५ वाघिणींच्या गाडीत ए १८ आणि बी २७ असायला हव्यात, म्हणजे २:३. तुमच्या हाती आलेल्या यादीत हे प्रमाण बिघडलेलं दिसलं तर आधी यादीवर संशय घ्या, सिद्धांत नंतर मांडा.

३६०० चा मोह

आता माझी फजिती. १००९ हा आकडा विचित्र वाटतो ना? १००० का नाही? १०१० का नाही? एका रात्री मी बेरीज केली. १००९ अधिक २५९१ बरोबर ३६००. पूर्ण आकडा! मला वाटलं, सापडलं. कुणीतरी आधी ३६०० ठरवलं असणार आणि त्यातून डबा वजा केला असणार. सकाळी उत्साहाने प्रकरणात परिच्छेद लिहिला आणि सरांना पाठवला.

सरांनी समासात एवढंच लिहिलं होतं, "कागद?"

कागद म्हणजे आरेखनावरची टीप, बैठकीचं इतिवृत्त, लखनौच्या आरडीएसओचं एखादं टिपण, ज्यात कुणीतरी 'आम्ही ही उंची अमुक कारणाने ठरवली' असं म्हटलंय. आकडे जुळणं हा पुरावा नाही. वीस मापं समोर असली की त्यातली कुठली ना कुठली दोन-तीन जुळवून गोल आकडा काढता येतोच. मी तो परिच्छेद काढून टाकला.

असंच दुसरं उदाहरण. बीएलसीची भारक्षमता साधारण ६१ टन. २० फुटी डब्याचं आजचं कमाल एकूण वजन ३०.४८ टन. दोन डबे म्हणजे ६०.९६ टन. पुन्हा जुळलं! पण इथे एक पाऊल पुढे जाता येतं. चार आसांवर प्रत्येकी २०.३२ टन धरले तर एकूण ८१.२८ टन होतात. त्यातून १८-१९ टनांची वाघीण वजा केली की वर ६२-६३ टन उरतात. म्हणजे रुळाची मर्यादा आणि दोन भरलेल्या डब्यांची गरज शेजारी-शेजारी आहेत. 'ही वाघीण दोन जड डबे पेलू शकते' हे मी ठामपणे लिहू शकते. 'दोन जड डबे पेलावेत म्हणूनच ती अशी बनवली' हे लिहायला मात्र पुन्हा कागद लागतो.

तेव्हापासून मी माझ्या वहीत प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक खूण करते. एक, भौतिक सक्ती: १००० मिमीचं चाक १००९ च्या तळाखाली बसत नाही. यासाठी गणित पुरतं. दोन, माणसांचा निर्णय: बोगदे न बदलता वाघीण बदलली. यासाठी कागदपत्रं लागतात, खर्चाचे हिशेब लागतात. तीन, नुसती जुळणी: ३६००. हिला वहीत जागा, प्रबंधात नाही. आपले बरेच प्रबंध कच्चे राहतात ते माहिती कमी असते म्हणून नव्हे. तिसऱ्या प्रकारचं विधान दुसऱ्याच्या कपड्यात वावरत असतं, म्हणून.

यापुढे कोण वाकणार?

एकदा 'कोण वाकलं' हा प्रश्न हाती आला, की पुढचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

२००६ मध्ये पिपावाव बंदर ते जयपूर परिसर अशी डिझेल इंजिनाची दुमजली कंटेनर गाडी सुरू झाली. एका डब्यावर दुसरा. अमेरिकेत यासाठी मध्ये खोलगट वाघीण वापरतात, डबा दोन बोग्यांच्या मधल्या खड्ड्यात बसतो. आपण खोलगट वाघीण घेतली नाही. रूळ रुंद आहेत, फळी आधीच खाली आणलेली आहे, त्यामुळे सपाट वाघिणीवरच दोन मजले चढले. बेरीज करा: १००९ अधिक दोन हाय क्यूब, ६८०१ मिमी. विजेची तार नसलेल्या मार्गावर हे जमलं. पण नेहमीच्या विद्युत मार्गावर तार साधारण साडेपाच मीटरवर असते, काही पुलांखाली त्याहूनही कमी. म्हणजे दुमजली गाडी आणि विद्युतीकरण यांचं भांडण ठरलेलं.

इथे दोन वेगवेगळी उत्तरं निघाली. पहिलं, तारेनेच वर जायचं. २०२० च्या जूनमध्ये पश्चिम रेल्वेच्या पालनपूर-बोटाद मार्गावर ७.५७ मीटर उंचीच्या तारेखालून दुमजली कंटेनर गाडी धावली. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर असा आखलेला, सुमारे १५०० किमीचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग तर ७.१ मीटर उंचीचा माल गृहीत धरूनच बांधायला घेतला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या न्यू रेवाडी ते न्यू मदार टप्प्याचं उद्घाटन झालं तेव्हा दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी सोडली होती. वीतभर उंचीसाठी वाघीण वाकवणाऱ्या व्यवस्थेने इथे नवा मार्गच उंच बांधला.

दुसरं उत्तर, डब्यानेच वाकायचं. २०१८ मध्ये पश्चिम रेल्वेने राजकोटहून बुटक्या कंटेनरची दुमजली गाडी सुरू केली. हे डबे नेहमीपेक्षा ६६२ मिमी बुटके. असे दोन डबे १००९ वर ठेवले की बेरीज ४.८७ मीटरच्या आसपास येते. नेहमीच्या तारेखाली जमतं. पण हा डबा देशांतर्गत मालासाठीच. जहाजवाल्यांचं माप तसंच राहिलं.

तिसराही एक मार्ग आहे, रुळानेच खाली जायचं. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन बंदराच्या मार्गावर हाय क्यूब डबे जावेत म्हणून बोगद्यातले रूळ खाली घेतले.

आणि एक आपल्या घरचं उदाहरण, तुलनेसाठी. कोकण रेल्वेवर १९९९ पासून रो-रो सेवा आहे. कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला किंवा कर्नाटकात सुरतकलला उतरतात. या बीआरएन वाघिणी मुळात रूळ, पोलाद असा माल वाहण्यासाठीच्या. ट्रकसाठी फळी खाली आणलेली नाही. नव्वदहून जास्त बोगदे तसेच. मग इथे कोण वाकलं? ट्रक. ठरलेल्या उंचीत आणि वजनात बसतो तो चढतो, बाकीचे घाटाने जातात. म्हणजे 'काहीच बदललं नाही' हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत कुणीतरी देतंच. फक्त ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. इथे ती बाहेर राहिलेल्या ट्रकवाल्याने दिली.

गंमत म्हणजे उंचीचा अडथळा सुटला की दुसरा पुढे येतो. दुमजली गाडीत जागा दुप्पट झाली, पण आसावरचा भार २०.३२ टनच असेल तर जड डबे दोन मजले भरताच येत नाहीत. म्हणून समर्पित मार्गावर गाड्यांसाठी २५ टनांचा आसभार धरला आहे. आता वाघिणीच्या पुढच्या पिढीचा वाद उंचीवर कमी आणि वजनावर जास्त आहे.

तुमच्या विषयाला हे कसं लावायचं

विषय कुठलाही असो, शिवणयंत्र, दुधाची पिशवी, शाळेचं बाक किंवा मोबाईलचा चार्जर, प्रस्ताव लिहिण्याआधी चार गोष्टी करून बघा.

१. वस्तू प्रत्यक्ष बघा, आणि तिच्या नावात काय म्हटलंय ते वाचा. तुमच्या तक्त्यात जो रकाना नाही, तो बहुतेक वेळा तिथे सापडतो.

२. ती वस्तू कुठल्या दोन-तीन ठरलेल्या मापांच्या मध्ये अडकली आहे ते शोधा. बीएलसीच्या बाबतीत समुद्रावरचा डबा, बोगद्याची चौकट आणि कपलरची उंची. तुमच्या वस्तूच्या बाबतीत कोण?

३. ती मापं जेव्हा भांडली तेव्हा कोण वाकलं, आणि कोण वाकलं नाही, ते लिहा. जो वाकला नाही त्याच्याकडे ताकद होती, पैसा होता, किंवा तो आधी आला होता. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा इथेच आहे.

४. प्रत्येक विधानापुढे खूण करा: सक्ती, निर्णय की जुळणी. 'निर्णय' लिहिलंत तर समासात सरांचा आवाज ऐका: "कागद?"

दुसऱ्या सादरीकरणाला मी तोच तक्ता घेऊन गेले. त्यात दोन रकाने वाढवले होते, 'रुळापासून उंची' आणि 'कोण वाकलं'. त्याच मॅडमनी तो पाहिला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हं. आता ही ओळ पहिलीनंतर का आली ते मला कळलं," म्हणाल्या. मग बोट तिसऱ्या ओळीवर सरकलं. "आणि ही?"

त्यावर सध्या काम चालू आहे.